डी अँड डी: खेळाडूंनी घरच्या नियमांची यादी दिली आहे, कोणते ठेवू?

शनिवारची डीएम

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, माझ्याच घरी, एक शनिवार सोडून एक शनिवार डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि राक्षस चालवणारी, मी. खेळाडू पाच: धाकटा भाऊ फायटर (लढवय्या), त्याची बायको क्लेरिक (मंत्रांनी बरं करणारी), ऑफिसातले दोघे रॉग (चोर) आणि विझर्ड (जादूगार), आणि मावसबहिणीचे यजमान बार्ड (गाणारा). (हे भावोजी खेळाबाहेरही बार्डच आहेत.) पाचवी आवृत्ती, पुस्तकं २०१४ची, मोहीम स्टार्टर सेटमधली 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'. सुरुवातीलाच रस्त्यावर गोब्लिन दबा धरून बसलेले असतात, त्यांनी आमचे दोघे आडवे केले, पण मेलं कोणी नाही. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर भावोजींची यादी आली: घरचे नियम, म्हणजे आपल्या टेबलापुरते पाळायचे. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) १ आला की फजिती झालीच पाहिजे: तलवार हातातून निसटणार, धनुष्याची दोरी तुटणार, नाहीतर बाण आपल्याच माणसाला लागणार. २० आला की हल्लाच काय, कुठलीही गोष्ट जमलीच पाहिजे. क्रिटिकलला (हल्ल्याला २० आल्यावर बसणारा जबर वार) एकदा पूर्ण नुकसान धरायचं आणि वर आणखी फासे टाकायचे. औषधाची कुपी बोनस ॲक्शनमध्ये (वळणातल्या मुख्य ॲक्शनखेरीजची छोटी जास्तीची कृती) प्यायची. शत्रू दोघांच्या मध्ये सापडला की ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा). वजन मोजायचं नाही, बाण मोजायचे नाहीत. शेवटी भावाने त्याची भर घातली: एचपी (जीव) शून्यावर येऊन पडून उठलेल्याला एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी.

अर्ध्या गोष्टींना भावोजींचा पुरावा असा, की 'बाल्डर्स गेट ३' या डी अँड डीवरच्या कॉम्प्युटर गेममध्ये असंच आहे. पुस्तकात नाही म्हणून नाही म्हणायचं हे मला पटत नाही. पण सगळं घेतलं तर पुढच्या शनिवारी काय होईल याचा अंदाजही येत नाही. तुम्ही काय ठेवता, काय काढता?

नॅट वीस

सगळं ठेवा. नाही जमलं तर काढा. खेळ आहे, संविधान नाही.

तिरका फासा

डीएमबाई, यादी ओळखीची आहे. नवीन टेबल बसलं की हीच यादी येते, आणणारा तेवढा बदलतो.

पोटापाण्यासाठी मी लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासतो. त्यामुळे नियम वाचताना एक खोड लागली आहे: हा कोणाच्या नावे पडतो ते आधी बघायचं. 'मजा येईल' हे प्रत्येक घरच्या नियमात सगळ्यांच्या जमेला लिहिलेलं असतं. नावेची बाजू कोरी असते, आणि ती कोरी कधीच नसते.

१ची फजिती घ्या. फायटरला पाचव्या पातळीला एका वळणात दोन हल्ले मिळतात, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. एका हल्ल्यात १ यायची शक्यता ५ टक्के. दोन हल्ल्यांत निदान एकदा यायची पावणेदहा टक्के, चारांत साडेअठरा. म्हणजे विसाव्या पातळीचा, राज्यात ज्याच्या तोडीचा कोणी नाही असा तलवारबाज नवशिक्याच्या जवळजवळ चौपट वेळा तलवार पाडणार. चार फेऱ्यांची लढाई धरली तर पाचव्या पातळीचा तुमचा भाऊ आठ वेळा फासा टाकेल, आणि त्यात निदान एक १ यायची शक्यता तीनात एक. दर तिसऱ्या लढाईत तो गवतात तलवार शोधत असेल. त्याच पातळीला विझर्ड फायरबॉल हा मंत्र टाकायला लागतो. फायरबॉलला हल्ल्याचा फासाच नाही, समोरच्यांनी सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. विझर्डची फजिती शून्य टक्के. बार्ड 'व्हिशस मॉकरी'ने शत्रूला टोमणे मारतो, तिथेही सेव्ह समोरच्याचा. यादी भावोजींनी का आणली असेल याचं मला नवल वाटत नाही.

आमच्याकडे १ आला की हल्ला चुकला, विषय संपला. वर्णन मात्र मी करतो, आणि ते शत्रूच्या बाजूने करतो. गोब्लिनने ऐन वेळी ढाल पुढे केली. ऑर्क बेसावध वाटला होता, नव्हता. वीराला विदूषक केलं नाही तरी टेबल हसतं.

आता क्रिटिकल. यावर जरा थांबतो, कारण हा नियम दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आहे. पुस्तकात नुकसानीचे फासे दुप्पट टाकायचे आणि वरची ठरावीक बेरीज एकदाच धरायची. यावरची तक्रार खरी आहे. मोठी तलवार, नॅट २० (खुद्द फाशावरच २०), सगळे उभे राहिलेत, चार डी६ (सहा बाजूंचे फासे) टाकले आणि आले १, १, २, १. घरात सुतक. म्हणून हा उपाय: पहिले दोन फासे पूर्ण, म्हणजे १२ धरायचे आणि उरलेले दोन टाकायचे. स्ट्रेंग्थ (ताकद) १६ असलेल्या फायटरचा क्रिटिकल सरासरी १७चा होता तो २२चा होतो, आणि १७च्या खाली जातच नाही.

पण हाच नियम राक्षसालाही लागू केलात तर? (तुमचे खेळाडू इथे वाचत असतील तर त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

तुमच्या मोहिमेतल्या क्रॅगमॉच्या गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (गोब्लिनांचा दांडगा भाऊबंद) बसला आहे. त्याच्या मॉर्निंगस्टारचं (काटेरी गदा) नुकसान दोन डी८ अधिक २. भावाचे एचपी पहिल्या पातळीला १२ धरू. शून्यावर येऊन उरलेलं नुकसान कमाल एचपीइतकं भरलं तर डेथ सेव्ह (पडलेला जगतो की मरतो याचे फासे) वगैरे काही नाही, जागीच खेळ खलास. म्हणजे धडधाकट भावाला एका फटक्यात २४ पुरे. पुस्तकातल्या क्रिटिकलला क्लार्ग चार डी८ अधिक २ टाकतो. त्यात २४ गाठायची शक्यता २३ टक्के. यादीतल्या नियमाने १६ पूर्ण, त्यावर दोन डी८, त्यावर २. आता तीच शक्यता ८४ टक्के. विझर्डचे ८ एचपी असतील तर त्याला १६ पुरतात आणि या नियमाने कमीत कमी नुकसानच २०. फासे टाकायची तसदीसुद्धा नको.

क्लार्गला २० विसात एकदाच येतो हे मान्य. पण राक्षस एका लढाईपुरता जगतो. त्याला पाच जास्त लागले काय, कमी लागले काय, तीन फेऱ्यांनी तो मरणारच आहे. खेळाडू मात्र प्रत्येक लढाईत मार खायला हजर. हेलकावे मोठे केले की ते कधीतरी त्याच्यावरच उलटतात जो रोज तिथे उभा आहे. मी हा नियम ठेवतो, फक्त खेळाडूंसाठी. राक्षस पुस्तकाप्रमाणे फासे टाकतात. अन्याय आहे, पण राक्षसांची अजून लेखी तक्रार आलेली नाही.

कुपी बोनस ॲक्शनमध्ये: द्या. पूर्ण ॲक्शन घालवून दोन डी४ अधिक २, म्हणजे सरासरी ७ एचपी मिळवणं इतकं केविलवाणं असतं की पन्नास सुवर्णमुद्रांची कुपी लोक मोहीम संपेपर्यंत जपून ठेवतात. आमच्याकडे बोनस ॲक्शनला फासे टाकायचे, पूर्ण ॲक्शन दिली तर सरळ १० घ्यायचे. रॉगची बोनस ॲक्शन पळण्या-लपण्यात आधीच खर्च होते, त्यामुळे त्याला फायदा जरा कमी. तेवढं चालतं.

बाकीचं उद्या. ऑडिट आहे.

ढालतलवार

मी फायटर. कायम फायटर. १च्या फजितीवर तिरका फासा यांनी लिहिलेलं छापून फ्रेम करणार आहे.

आधीच्या एका टेबलावर आमच्या डीएमने फजितीचा तक्ताच केला होता, शंभर ओळींचा, त्यासाठी वेगळा डी१०० टाकायचा. त्याला त्या तक्त्याचं कोण कौतुक! माझ्या बाणाने आमची क्लेरिक पडली, मग तिला उठवायला कोणी नव्हतं, मग सगळेच पडले, आणि तो तक्त्यातली ओळ मोठ्याने वाचून दाखवत होता. पुढच्या मोहिमेत मी हाफलिंग (बुटक्यांची एक जमात) झालो, कारण हाफलिंगला १ आला की फासा परत टाकता येतो. बघतो तर टेबलावर निम्मे लोक हाफलिंग. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

पण भावाचा एक्झॉशनचा नियम चांगला आहे, तो घ्या. तो नसताना काय चालतं सांगतो. मी पडलो. क्लेरिक साठ फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये 'हीलिंग वर्ड' म्हणते. मी पाच-सहा एचपी घेऊन उठतो, एक वार करतो, पुन्हा पडतो. ती पुन्हा म्हणते. मी मरतोय याची मला भीती नाही, तिला नाही, राक्षसालाही माझ्यात रस उरलेला नाही. एक्झॉशन लागल्यापासून ती मला पडायच्या आधी बरं करते. लढाई एकदम खरी वाटायला लागली.

पोथीवाला

'पुस्तकात आहे' आणि 'घरचा आहे' यातली भिंत फार जाड नाही, एवढंच सांगायला आलो.

१९७४ची मूळ तीन पुस्तकं काढून बघा. त्यात क्रिटिकल नाही. थीफ (आताचा रॉग) नाही, तो १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. २० आला की दुप्पट नुकसान हे छापील स्वरूपात आलं १९७५च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये, एम. ए. आर. बार्कर यांच्या खेळात, आणि तो डी अँड डी नव्हेच. डी अँड डीमध्ये १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत तो 'हवा तर घ्या' म्हणून होता. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत पक्का झाला. मधली पंचवीस वर्षं लोक घरच्या नियमानेच क्रिटिकल खेळत होते. पात्राचे स्ट्रेंग्थसारखे गुण ठरवायला चार डी६ टाकून सगळ्यात लहान काढून टाकायचा, हेही मूळचं नाही. मूळ नियम तीन डी६ टाकायचे आणि आले तसे घ्यायचे. चार फाशांची पद्धत १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे.

खेळाडूंपुरताच क्रिटिकल ही तिरका फासा यांची युक्ती खेळ काढणाऱ्या कंपनीनेही करून पाहिली होती. ऑगस्ट २०२२मध्ये नव्या आवृत्तीचा चाचणीचा पहिला मसुदा आला, त्यात राक्षसांचा क्रिटिकल काढून टाकला होता, आणि २० आला की कुठलीही गोष्ट जमते हेही त्यातच होतं. २०२४च्या पुस्तकात दोन्ही नाहीत.

भावोजींना सांगा, बाल्डर्स गेट हा संगणकाने चालवलेला डीएम आहे. त्याचेही घरचे नियम आहेत.

शनिवारची डीएम

आभार! क्लार्गचा हिशेब वाचून पोटात गोळा आला. तो नियम फक्त खेळाडूंसाठी, ठरलं. फजिती बाद. भावोजी त्यावर 'बरं' म्हणाले, म्हणजे त्यांना दुसरं काहीतरी हवं आहे.

ते दुसरं म्हणजे २० वाला नियम. त्यांचं म्हणणं: "विसात एकदा येतो. आला तर चमत्कार झालाच पाहिजे. मी राजाला गाणं म्हटलं आणि २० आला, तर राज्य नको, निदान एक किल्ला तरी?" टेबलावर सगळे त्यांच्या बाजूने आहेत, कारण २० आला आणि काहीच झालं नाही तर खरंच हिरमोड होतो.

तिरका फासा

हिरमोड होतो तो फासा टाकायला लावल्यामुळे. राजा किल्ला देणारच नसेल तर भावोजींच्या हातात फासा जाताच कामा नये. "राजा गाणं ऐकून खूश झाला, किल्ल्याचं नाव काढताच त्याने प्रधानाकडे बघितलं," एवढं सांगून पुढे चला. फासा तेव्हाच मागा जेव्हा जमणं आणि फसणं दोन्ही शक्य आहे. हे एक पाळलं की २०चा वेगळा नियम लागतच नाही.

पण भावोजी ऐकणार नाहीत आणि फासा तुम्ही म्हणायच्या आधीच टाकलेला असेल. मग २०ला जे शक्य आहे त्यातलं सगळ्यात चांगलं द्या. राजाला विनोद वाटला, त्याने बार्डाला जेवायला बसवून घेतलं. पंगतीत शेजारी कोण बसलंय ते तुम्ही ठरवा.

नियमाच्या उलट्या टोकाला १ आहे हे विसरू नका. २०ला हमखास यश म्हणजे १ला हमखास अपयश, लोक दोन्ही एकत्रच आणतात. रॉगने कुलपांवर जन्म घातला, फासा १ आला तरी बेरीज १२ होते, कुलूप उघडायला १० पुरतात, आणि तरी ते उघडत नाही. तेच कुलूप विझर्डने हातोड्याने मारून २०ला उघडलं. म्हणजे ज्याने कौशल्यावर खर्च केला त्याच्या नावे पडलं आणि ज्याने नाही केला त्याच्या जमेला.

वजनाचं. वजन न मोजणं हाही नियमच आहे, फक्त तो कोणी मोठ्याने म्हणत नाही. पुस्तकात स्ट्रेंग्थच्या पंधरापट पौंड उचलता येतात: भावाला १६ला २४०, विझर्डला ८ला १२०. मोजलं नाही की स्ट्रेंग्थ ८ ठेवल्याचा तोटा जवळपास संपला, आणि भावाने १६ ठेवल्याचं एक कारण गेलं. तरी मीही रोज मोजत नाही, कोण बसणार बेरजा करत (दिवसभर तेच करून आलेलो असतो). फक्त खजिना सापडला की मोजतो. पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो. तीन हजार नाणी साठ पौंड. मागून काहीतरी येतंय आणि साठ पौंड कोण उचलणार, यावर टेबलावर अर्धा तास मस्त जातो.

बाण मोजू नका. वीस बाण एका सुवर्णमुद्रेला मिळतात आणि लढाई झाल्यावर मिनिटभर शोधलं तर निम्मे परत मिळतात. तो हिशेब कोणाच्याच नावे पडत नाही.

आता ढालतलवार. तुमचं निरीक्षण सोळा आणे खरं: दंड असला की क्लेरिक आधी बरं करते. पण दंड कोणाला? पडतं कोण? पुढे उभा असतो तो. २०१४च्या तक्त्यात पहिल्या पायरीला ॲबिलिटी चेकना (कुलूप उघडणं वगैरे कामांचे फासे) डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान, तिसरीला हल्ले आणि सेव्ह दोन्हींना, आणि एका लाँग रेस्टला (रात्रभराची विश्रांती) एकच पायरी उतरते. विझर्ड मागे उभा राहून ताजातवाना, तुम्ही तीनदा त्याच्यासाठी पडलात आणि आता तुमचा वार लागत नाही. पुढच्या दिवशीही धड नाही.

ढालतलवार

पुढे उभं राहायचं ते मारच खायला. मला चालतं. दंड नसेल तर मी फायटर कशाला झालो?

पण तिसरी पायरी खरंच वाईट आहे, हे कबूल. आमच्या मोहिमेत एकदा चौथी लागली तेव्हा कमाल एचपी निम्मे झाले आणि मी रथात झोपून प्रवास केला.

तिरका फासा

मग हे बघा, आमच्याकडे चालतं. एक्झॉशन नाही. पण डेथ सेव्हचे अपयश उठल्यावर पुसायचे नाहीत, लाँग रेस्ट होईपर्यंत कागदावर तसेच. पुस्तकाप्रमाणे शुद्धीवर आलं की पाटी कोरी होते, ती होऊ द्यायची नाही. पहिल्यांदा पडून दोन अपयश घेऊन उठलेला माणूस दुसऱ्यांदा पडला की त्याच्या मध्ये आणि मरणामध्ये एकच फासा. क्लेरिक तेवढीच घाबरते. पण उभा आहे तोवर त्याची तलवार पूर्ण जोरात चालते.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. आमचं मराठी टेबल, मुलं झोपल्यावर सुरू होतं. आम्ही २०२४च्या पुस्तकांवर गेलो, तर सांगायचं म्हणजे तुमच्या यादीतली कुपी आता अधिकृत आहे, पाच फुटांवरच्या दुसऱ्याला पाजणंही बोनस ॲक्शनमध्येच. एक्झॉशनही सोपं झालं: प्रत्येक पायरीला डी२०च्या सगळ्या टाकण्यांतून २ वजा आणि वेग ५ फूट कमी. भावाला त्याचा नियम हवाच असेल तर २०१४चा तक्ता सोडून एवढंच उचला, पहिली पायरी लगेच जाणवते आणि तिसरीला माणूस निकामी होत नाही.

पुस्तकं महाग पडत असतील तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत. खेळाडूंना तेच वाचायला द्या. वाचणार नाहीत, पण द्या.

आणि एक राहिलं. फाशांच्या गणितावर इतकं लिहिलंत, पण आमच्याकडे भांडणं त्यावरून कधीच झाली नाहीत. भांडणं झाली ती यावरून: फासा सोफ्याखाली गेला तर मोजायचा का? चकलीच्या ताटलीला टेकून तिरका राहिला तर? (तिरका फासा यांनी इथे अनुभवाचे बोल सांगावेत.) खेळाडू आलाच नाही तर त्याच्या पात्राचं काय? आम्ही ठरवलं: ताटात किंवा जमिनीवर गेलेला परत टाकायचा, मग तो २० असला तरी. न आलेल्याचं पात्र सोबत असतं, लढतं, पण त्याच्या कुप्या आणि मोठे मंत्र कोणी खर्च करायचे नाहीत आणि त्याला मरू द्यायचं नाही. हे दोन नियम लिहून फ्रिजवर लावलेत.

नॅट वीस

सोफ्याखालचा २० मोजायचाच. सोफ्याखाली जाऊन बघण्याचे कष्ट घेतलेत माणसाने.

शनिवारची डीएम

वरचं सगळं वाचून ग्रुपवर हा निरोप टाकला:

"मंडळी, यादीवर निर्णय. १ आला की हल्ला चुकतो, बाकी काही नाही. क्रिटिकलला पहिले फासे पूर्ण, फक्त तुमच्यासाठी, राक्षसांसाठी नाही. कुपी बोनस ॲक्शनमध्ये. पूर्ण ॲक्शन दिलीत तर सरळ १०. २० आला तर शक्य असेल त्यातलं उत्तम मिळेल, किल्ला मिळणार नाही. मी म्हटल्याशिवाय टाकलेला फासा धरला जाणार नाही. वजन फक्त खजिन्याच्या वेळी. डेथ सेव्हचे अपयश लाँग रेस्टपर्यंत पुसले जाणार नाहीत. जमिनीवरचा फासा परत टाकायचा. हे सगळं पुढच्या तीन सत्रांपुरतं, मग पुन्हा बोलू. मोहिमेच्या मध्येच, लढाई चालू असताना कोणीही नवा नियम आणायचा नाही."

शेवटचं वाक्य माझ्या बाबांचं. मेंढीकोटला हुकूम कट की बंद, हे पानं वाटायच्या आधी ठरतं, वाटल्यावर नाही, म्हणाले.

भाऊ अपयश न पुसण्यावर खूश, वहिनी नाखूश ("म्हणजे सगळा ताप मलाच"). यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ताप खरंच तिलाच आहे.

एकच राहिलं, दोघांच्या मध्ये सापडलेल्या शत्रूवर ॲडव्हांटेज. हे तर पुस्तकातच आहे ना? तिरका फासा, यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

तिरका फासा

वहिनींचं बरोबर आहे, नोंद घेतली. त्यांना पहिल्या सापडलेल्या खजिन्यात दोन कुप्या जास्त द्या, म्हणजे सगळं उठवणं मंत्रांवर राहणार नाही.

फ्लँकिंग, म्हणजे हेच दोघांच्या मध्ये धरणं, २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे, पण ऐच्छिक म्हणून. मिनिएचर (पात्रांच्या छोट्या बाहुल्या) आणि चौकोनांचा नकाशा वापरत नसाल तर विषयच काढू नका, कोण कोणाच्या समोर उभा आहे यावर रात्र जाईल. नकाशा असेल तर असं बघा: ११ लागत असताना नुसत्या फाशाने ५० टक्के वार लागतात, ॲडव्हांटेज मिळालं की ७५. एवढं मोठं बक्षीस, आणि त्यासाठी करायचं काय तर दोन चौकोन सरकायचं. मग दुसरं कोणी काही करेनासंच होतं. शिवाय ज्या बाजूला डोकी जास्त ती बाजू नेहमी फ्लँक करते, आणि तुमच्या मोहिमेत गोब्लिन एकेकटे फिरत नाहीत. काही टेबलांवर ॲडव्हांटेजऐवजी हल्ल्याला अधिक २ देतात, तिसऱ्या आवृत्तीत होतं तसं. ते बरं आहे.

पण हा नियम सगळ्यात जास्त कोणाच्या नावे पडतो सांगू? बार्डच्या. त्याच्याकडे 'फेअरी फायर' मंत्र असतो, शत्रूंना उजळवून टाकतो, आणि मग सगळ्यांना त्यांच्यावर ॲडव्हांटेज. ॲडव्हांटेजवर ॲडव्हांटेज साठत नाही. सगळे चालत जाऊन फुकटात मिळवायला लागले की त्या मंत्राला कोणी विचारत नाही. भावोजींनी तो घेतलाय का ते त्यांच्या कागदावर बघा.

शनिवारची डीएम

बघितलं. घेतलाय. त्यांना तसं कळवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "फ्लँकिंगमुळे लढाईतला वास्तवपणा जातो असं माझं पहिल्यापासूनच मत आहे."

ढालतलवार

अधिक २ तरी ठेवा हो. आम्हा फायटरांचं काय?